यमुनाबाई वारल्या

माझ्या निधनाची बातमी पोलिसांना मी स्वतःच दिली. दारातून, साखळी न काढता, आणि अगदी स्पष्ट शब्दांत. एरवी परक्या माणसापुढे मला एक वाक्य धड पुरं करता येत नाही. नेमकं त्या दिवशी जमलं!

मी पहिल्यापासून अबोल. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सव्वीस वर्षं राहतेय, पण भाजीवाल्याशीसुद्धा बोटानंच बोलते. (त्यामुळे कधीकधी दोन किलो येते. परत करायची म्हणजे पुन्हा बोलावं लागतं, म्हणून आम्ही खातो.) बोलायचं सगळं काम ह्यांच्याकडे होतं. हे म्हणजे माझे यजमान. एका कारखान्यात टाइमकीपर होते. लोक कितीला आले, कितीला गेले हे जन्मभर लिहिलं, त्यामुळे त्यांना कशाचीही चौकशी करायला लाज वाटायची नाही.

आमची मुलगी स्मिता जर्मनीत असते. ती आणि जावई निखिल दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिचं लग्न झाल्यावर आम्ही दोघं एकदा तिच्याकडे गेलो होतो. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासतात तिथे हे नेहमीप्रमाणे माझीही उत्तरं द्यायला लागले. आतला साहेब म्हणाला, "काका, जरा काकूंना बोलू द्या. काकू, कुठे चाललात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा. कुठे चाललात?"

मला रडू फुटलं. विमानतळावरची मी पहिलीच बाई असणार, की जिला कुठे चाललात असं विचारल्यावर हुंदका आला! साहेबाला संशय आला. त्यानं एका बाईसाहेबांना बोलावलं. त्यांनी मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "घाबरू नका. ह्या गृहस्थांबरोबर स्वतःच्या मर्जीनं जाताय ना?"

लांबून ह्यांना ते ऐकू गेलं. गप्प बसतील तर ते पुणेकर कसले! म्हणाले, "एकोणचाळीस वर्षं पळवून नेतोय हिला. अजून विमानतळ काही ओलांडता आला नाही."

त्या एका वाक्यानं आमची आणखी वीस मिनिटं गेली.

त्यानंतर हे गेले. झोपेतच गेले, कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. मग चारेक महिन्यांनी स्मिताचा फोन आला, की तिला दिवस गेलेत. म्हणाली, "आई, तू ये. बाळंतपणाला तू हवीस."

मी म्हटलं, "वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत मी कुठे बाहेर पडत नाही."

ते खोटं होतं. वर्षाच्या आत मी तीन डोहाळजेवणांना जाऊन आले होते. खरं कारण ती काचेची खिडकी. तिच्यापलीकडचा साहेब विचारणार, कुठे चाललात, आणि ह्या वेळी शेजारी कुणी नसणार. तिकडच्या गोऱ्या साहेबाची मला भीती नव्हती. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही. दोघंही मुके, कागद दाखवला की झालं. भीती होती ती मराठी समजणाऱ्या साहेबाची.

स्मिता म्हणाली, "बरं." तिनं आग्रह केला नाही. माझीच मुलगी, तिलाही फार बोलता येत नाही.

सातव्या महिन्यात ते बाळ पोटातच गेलं. निखिलचा फोन आला. मग स्मिता फोनवर आली आणि म्हणाली, "आई, तू रडू नकोस. मी ठीक आहे." ती मला समजावत होती. तिकडे आठ दिवसांची रजा काढून ती घरात पडून होती. तिच्या हातात गरम भाताचं ताट कुणी दिलं असेल, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी तिनं 'ये' म्हटलंच नाही. नुसतं सांगितलं आणि गप्प बसली. त्या गप्प बसण्याला मी काय उत्तर देणार? म्हटलं, "येते मी." आणि लगेच तोंडातून निघालं, "पण ती खिडकी..."

तेव्हा मला कळलं, की तिला कारण पहिल्यापासून ठाऊक होतं.

"आई, आता खिडकी नाही लागत," ती म्हणाली. "सरकारनं नवीन योजना काढलीय. आधी अर्ज करायचा. ते तुझी चौकशी करतात, बोटांचे ठसे घेतात, चेहऱ्याचा फोटो घेतात. एकदा तू विश्वासू प्रवासी ठरलीस, की मुंबईला वेगळी रांग. यंत्रावर पासपोर्ट ठेवायचा, यंत्राकडे बघायचं, दार उघडतं. कोणी काही विचारत नाही."

"काहीच नाही?"

"यंत्राला तोंडच नाही गं."

मला ती योजना फार आवडली. लोक म्हणे वेळ वाचावा म्हणून असा अर्ज करतात. मोठे व्यापारी, महिन्यातून चारदा विमानानं जाणारे. माझ्याकडे वेळ भरपूर होता. मला फक्त तोंड वाचवायचं होतं! (जन्मात एकदा परदेशी जाऊन आलेली बाई कसली विश्वासू प्रवासी, हे मी सरकारला विचारलं नाही.) स्मितानं तिकडूनच अर्ज भरला. माझ्या पासपोर्टची प्रत जोडली, विजेचं बिल जोडलं. म्हणाली, "आता फक्त चौकशीला कोणी आलं तर नीट बोल."

आता इथे माझ्या नावाची गोष्ट सांगायला हवी.

माझं माहेरचं नाव यमुना. चौथीपर्यंत शाळेत गेले ती यमुना म्हणूनच. सतराव्या वर्षी लग्न ठरलं, तेव्हा लक्षात आलं, की सासूबाईंचंही नाव यमुना. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होतीच, इथे तर बदलण्यावाचून इलाजच नव्हता. मुलगा बायकोला आईच्या नावानं हाक कशी मारणार? सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी आधी आलेय. तिनं बदलावं." ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात 'मीनाक्षी' असं लिहिलं, आणि मी मीनाक्षी झाले. यमुना त्या तांदळाखाली गेली ती गेलीच. पुढे ह्यांनी पासपोर्ट काढायला घेतला, तेव्हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून माझ्याकडे एकच कागद निघाला, चौथीचा दाखला. त्यावर यमुना. मग पासपोर्टही यमुना निकम ह्या नावानं झाला. मला तो वाचायचं कारण कधी पडलं नाही. पासपोर्ट ह्यांच्याच खिशात असायचा.

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. पण त्या कागदोपत्री फार चिवट! प्रत्येक निवडणुकीला त्यांच्या नावाची चिठ्ठी येते. बँकेतून माणूस येतो. मी दार किलकिलं करून सांगते, 'वारल्या.' तेवढा एक शब्द मला न अडखळता म्हणता येतो, सवयीचा आहे.

तर एका दुपारी बेल वाजली. बाहेर हवालदार. हातात कागद.

"यमुना निकम इथंच राहतात का?"

"राहत होत्या."

"होत्या? मग आता कुठं हायत?"

"वारल्या."

"अरेरे. कधी?"

"बारा वर्षं झाली."

हवालदारांनी कागद उलटसुलट केला. त्यावर फोटो होता तो माझाच, पण झेरॉक्समध्ये असा काळा झालेला, की सासूबाईंचा म्हणूनही खपला असता.

"पण ह्यांचा तर अर्ज आलाय," ते म्हणाले.

"येतं त्यांच्या नावानं काहीबाही," मी म्हटलं. "तुम्ही एकदा नाव काढूनच टाका."

आणि दार लावलं. नंतर कळलं, की ते खाली जाऊन शेजाऱ्यांची साक्षही घेऊन गेले. आमच्या सोसायटीचे चेअरमन आपटेकाका. त्यांनी सांगितलं, "यमुनाबाई ना? गेल्या. स्मशानात मी स्वतः होतो. पाऊस होता, लाकडं ओली होती. लिहून घ्या."

संध्याकाळी स्मिताचा फोन आला. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आज पोलीस आले होते. मी बोलले त्यांच्याशी. जराही घाबरले नाही."

"वा! काय विचारलं?"

"आजीचं विचारत होते. म्हटलं, वारल्या."

मला वाटलं फोन कट झाला.

"आई," स्मिता म्हणाली, "यमुना म्हणजे तू."

माझा अर्ज अडकला. कारण दिलं होतं, अर्जदार मयत! स्मिताला सातवा महिना लागत होता. पहिला सातवा महिना आमच्या दोघींच्या मनात होता, पण बोललं कोणीच नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, चौकीवर जावं लागेल तुला. जाशील?" जणू मी लहान मूल आणि तिला मला पहिल्या दिवशी शाळेत सोडायचं होतं.

आपटेकाकांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "चला, मी येतो बरोबर. मीच पोचवून आलोय तुम्हाला, आता मीच परत आणतो."

चौकीत तेच हवालदार होते. त्यांच्यापुढे मी माझ्याकडचे सगळे कागद ठेवले. पासपोर्टवर यमुना. आधारकार्डावर मीनाक्षी. (सोसायटीत शिबिर होतं, मुलीनं नाव विचारलं, मी घरातलं सांगितलं.) ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नीचं नाव मीनाक्षी. हवालदारांनी सगळं ओळीनं मांडलं, वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आलं ध्यानात," ते म्हणाले. "निकमसाहेबांची पहिली बायको यमुना. त्या वारल्या. तुम्ही दुसऱ्या."

"नाही नाही!"

"मग ह्या यमुनाच्या पासपोर्टावर पती म्हणून त्यांचं नाव कसं?"

"यमुना त्यांची आई होती."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, घाई न्हाई. पाणी प्या. यमुना त्यांची आई होती का बायको होती?"

मी पाणी प्यायले. खरं तेच सांगायचं ठरवलं होतं.

"दोन्ही," मी म्हटलं.

चौकीतले टायपिंग करणारे थांबले. तक्रार द्यायला आलेले दोघं मागे वळले. आपटेकाका म्हणाले, "वहिनी, निकम आमच्याबरोबर रोज फिरायला यायचे. हे कधी बोलले नाहीत."

आणि तेव्हा माझं काय झालं कोण जाणे. मला कोणी मेली म्हटलं, दुसरी म्हटलं, मी ऐकून घेतलं असतं. पण ह्यांच्याबद्दल? जो माणूस शेजारणीच्या कुकरच्या शिट्टीकडेही लक्ष देत नसे? मी उभी राहिले आणि ओरडले, "अहो, मी एकच आहे! सासू यमुना आणि मी पण यमुना! म्हणून मला मीनाक्षी केलं! ती वारली ती सासू! मी जिवंत आहे, मला लेकीच्या बाळंतपणाला जायचंय!"

मग हवालदार हळूच म्हणाले, "एवढं परवा दारात बोलला असता, तर काम झालं असतं मावशी."

आता प्रतिज्ञापत्र करायचं होतं, आणि यमुना आणि मीनाक्षी एकच असं दाखवणारा जुना एखादा कागद हवा होता. मला यमुना म्हणणारं माणूस शोधायचं म्हटलं, तर एकही उरलेलं नव्हतं. आईवडील गेले, थोरला भाऊ गेला, ज्यांनी तांदळात नाव बदललं ते हेही गेले. त्या नावानं मला हाक मारणारा जगात आता फक्त तो पासपोर्टच होता.

आमची लग्नपत्रिका ह्यांच्या फायलीत सापडली. कारखान्यातल्यासारखी एकेक फाईल, वर लेबल. पत्रिकेवर चि. सौ. कां. यमुना, आणि मागे ह्यांच्या अक्षरात 'नंतर मीनाक्षी'. त्याच फायलीत एक कागद होता. 'राहिलेली कामे.' हिच्या नावाचा बदल सरकारदरबारी नोंदवणे. बाथरूमचा नळ. आणि खाली, 'हिला एकटीने फिरायची सवय करणे. आधी डेक्कनपर्यंत बस.' नळाच्या पुढे बरोबरची खूण होती. बाकी दोन्हींच्या पुढे काही नव्हतं. मी तो कागद तसाच परत ठेवला.

इकडे सोसायटीत बातमी पसरलीच होती. तळमजल्यावर नव्यानंच राहायला आलेल्या सबनीसबाई वाटीत साखरांबा घेऊन आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कळलं आम्हाला. मनाला लावून घेऊ नका. पुरुषांच्या जातीचं असंच."

मी सांगायला तोंड उघडलं. पण चौकीत सगळं बोलून झालं होतं, माझ्याकडे शिल्लक काही नव्हतं.

"पहिलीचा फोटो आहे का हो घरात?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सासूबाईंच्या तसबिरीकडे बघितलं. खाली लिहिलं होतं, कै. यमुनाबाई निकम. सबनीसबाईंनी ते वाचलं, तसबिरीतलं वय बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बरीच मोठी होती हो त्यांच्यापेक्षा," असं म्हणाल्या आणि वाटी न घेताच गेल्या.

प्रतिज्ञापत्र झालं, हवालदार पुन्हा येऊन गेले. (ह्या वेळी मी साखळी काढली, चहा दिला आणि आधीच सांगितलं, "मीच यमुना, जिवंत.") अर्ज पुढे सरकला. बोटांच्या ठशांचं बोलावणं यायचं तेवढं राहिलं. मी रोज फोन उघडून बघायची. स्मिता म्हणायची, "येईल गं, अजून पाच आठवडे आहेत."

पाच आठवडे नव्हते. एका सकाळी निखिलचा फोन आला. "आई, तिचा रक्तदाब वाढलाय. ॲडमिट केलंय. एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून बाळ काढतील. तुम्ही काळजी करू नका, तुमचं मंजूर झालं, की सावकाश..."

"आजचं विमान आहे का?" मी विचारलं.

माझ्याकडून प्रश्न यायची त्याला सवय नव्हती, पण तिकीट त्यानं काढलं. व्हिसा आधीच आलेला होता.

मुंबईला मी साध्या रांगेत उभी राहिले. बाजूला ती विश्वासू लोकांची यंत्रं होती. दारं उघडत होती, मिटत होती, कोणी काही विचारत नव्हतं. पुण्यापासून मी एकच वाक्य घोकत आले होते. ते खिडकीसाठी नव्हतं, स्मितासाठी होतं. 'गेल्या वेळी मी यायला हवं होतं. मी घाबरले म्हणून आले नाही.' इतकंच. तिला दिसलं, की आधी हेच म्हणायचं, मग बाकीचं.

माझा नंबर आला. खिडकीत तरुण साहेब.

"कुठे चाललात मावशी?"

"जर्मनीला. मुलीचं बाळंतपण आहे."

एवढं पुरे होतं. त्यानं शिक्का उचललाही होता. पण माझं तोंड काही मिटेना! "गेल्या वेळी मी जायला हवं होतं," मी म्हटलं. "मी घाबरले म्हणून गेले नाही. तुम्हालाच घाबरले. म्हणजे तुम्हाला नाही, ह्या खिडकीला. ते बाळ गेलं. ती एकटी होती. ह्या वेळी यंत्रातून जाणार होते, पण मीच पोलिसांना सांगितलं, मी वारले म्हणून..."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो आजी, विमान सुटेल." साहेबानं मात्र मला मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग शिक्का मारला, पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाला, "जा मावशी. लवकर जा."

तिकडे पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. मुलगी झाली, लहानशी, काचेच्या पेटीत. पण रडत होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रडतेय हे चांगलं. स्मिता पलंगावर पडलेली, ओठ कोरडे, डोळ्यांखाली काळं. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"आलीस?" ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले. वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर आत काही नाही. सगळंच्या सगळं मी मुंबईच्या त्या खिडकीत सांडून आले होते! एका अनोळखी मुलापाशी जे धडाधड बोलले, ते जिच्यासाठी होतं तिच्यासमोर एक अक्षर फुटेना. ती बघत होती, वाट बघत होती. तिला ठाऊक होतं मला काहीतरी म्हणायचंय. काहीतरी तर बोलायलाच हवं होतं.

मी म्हटलं, "केस का गं कापलेस एवढे?"

स्मिता माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. टाके दुखत होते तरी थांबेना. मला वाटलं, केसांचं बोलले ते लागलं तिला. म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "दिसतात मात्र छान."